वारा अडवणारा तिवर

मी तिवर, खारफुटीतलं एक झाड. मुरबे गावच्या खाडीकाठी चिखलात उभा आहे. माझ्याबद्दल विचारायला कोणी येत नाही, म्हणून आपणहून सांगतोय.

मला इथे कोणी लावलं नाही. भरतीबरोबर माझी बी वाहत आली आणि रुजली. खारं पाणी पिऊन मी वाढलो. श्वास घेता यावा म्हणून माझी मुळं चिखलातून बोटांसारखी वर येतात. त्यांच्या आडोशाला कोळंबीची, बोय माशांची पिल्लं वाढतात आणि मोठी झाली की समुद्रात जातात. त्यातलीच काही पुढे गावातल्या दामूच्या जाळ्यात सापडतात. हे त्याच्या कधी लक्षात आलं नसावं.

दामूची बोट आहे. आम्हा तिवरांच्या रांगांमागे बांधावर त्याच्या वलांड्या होत्या, म्हणजे बोंबील वाळत घालायच्या बांबूंच्या मांडण्या. त्याची आई गोदूबाई ओहोटीला माझ्या मुळांत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरते.

एका हिवाळ्यात बोंबील नीट वाळेनात, वास मारू लागले. दामू माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आये, वारा हा आडवते. समदे तोडून टाकतो."

"मंग उदानाचं पानी कोन आडवल?"

"तुज्या चिंबोऱ्या जातील म्हनून बोलतेस तू."

"खातोस तूच. वर रस्सा मागतोस."

तिवर तोडायला बंदी आहे, हे दामूला माहीत होतं. तरी त्याने माझ्या पलीकडची, वलांड्यांसमोरची रांग कापली. खरं सांगायचं तर बोंबील छान वाळले. पुढच्या हिवाळ्याआधी उरलेले तिवरही काढणार, असं तो येता-जाता सांगू लागला.

पावसाळ्यात मोठं उधाण आलं. आमच्यात शिरलेल्या लाटा मुळांशी झगडून दमल्या, माझ्यामागचा बांध टिकला. कापलेल्या जागी मात्र पाणी सरळ आत घुसलं. तिथला बांध फुटला, वलांड्या उखडल्या, गोदूबाईच्या चुलीत चिखल गेला.

ओहोटीला दामू कोयता घेऊन आला. मला वाटलं, संपलं. पण परतणाऱ्या पाण्याने ओढून आणलेले त्याचेच बांबू माझ्या मुळांत अडकले होते. दोर कापून त्याने ते सोडवले, माझ्यामागच्या शाबूत बांधाकडे पाहिलं आणि कोयता कमरेला खोचला.

त्याच दिवसांत माझ्या बिया पिकतात. गोदूबाईने पाटीभर वेचल्या आणि मुलाच्या हातात दिल्या. "कंबर वाकव आता."

त्याने वाकवली. फुटलेल्या बांधापुढे चिखलात एकेक बी रोवली.

वलांड्या आता देवळामागच्या उंचवट्यावर आहेत. वारा तिथेही भरपूर आहे. ओले बोंबील डोक्यावरून वर न्यावे लागतात, हे दामूची बायको जागृती त्याला रोज ऐकवते. तो ऐकून घेतो.

रोपं अजून एवढीशी आहेत, भरतीला पूर्ण बुडतात. पाणी उतरलं की दामू काठावर येतो, एखाद्यावर शेवाळ चढलं असेल तर काढतो. तुम्ही कधी या बाजूला आलात, तर चिखलात पाय जरा जपून टाका.