पहिला मुक्काम म्हसावद

होळी तोंडावर आली होती. म्हसावदच्या शिवारात जसोदाबाई कापूस वेचून झालेल्या वाळक्या पऱ्हाट्या उपटत होती. एवढ्यात आभाळातून खडखडाट झाला आणि पिवळ्या पंखांचं एक विमान डुलत डुलत शेजारच्या पडीत उतरलं, ते थेट तिच्या कपाशीच्या बांधाला नाक लावून थांबलं. बैल उधळले. तिचा नवरा रूपचंद काठी घेऊन धावला, जसोदाबाई पाण्याची घागर घेऊन.

विमानातून उतरला बेहरामजी, नवसारीचा पारशी. मोटारी दुरुस्त करता करता त्यानं घरामागच्या वखारीत हलकं लाकूड, कापड आणि मोटारीचं इंजिन जोडून हे विमान आपल्या हातानं बनवलं होतं. जसोदाबाईच्या माहेरी गुजरी बोलत, त्यामुळे त्याचं गुजराती तिला कळलं.

"कुठं निघालास, भाऊ?"

"जगाला फेरी घालायला."

"मग कुठवर आली फेरी?"

त्यानं मान खाली घातली. "आज सकाळीच निघालो, बेन. लोकांनी हार घातले, बँड लावला. नळी फुटली, इंजिन तापलं. आता हे बैलगाडीत घालून परत नेतो."

जसोदाबाईला हसू आवरेना. "म्हसावद काय जगबाहेर शे का, भाऊ? तुनी फेरीमा एक गाव ते व्हयनं!"

बेहरामजीही हसला आणि बाह्या सारून कामाला लागला. नळीवर चामड्याची पट्टी आवळून बसली. पण उडायला लांब, सपाट जमीन हवी; पड अपुरी, आणि समोर तर रूपचंदच्या वाळक्या पऱ्हाट्या उभ्या.

"इतली पऱ्हाटी कोण उपटी?" रूपचंद कुरकुरला.

"मगनना बाप, आपले ते उपटनीच शे. गावले बलावू!" जसोदाबाईनं लेकाचं नाव घेऊन नवऱ्याला गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी सगळा गाव वावरात लोटला. पऱ्हाट्या उपटल्या, खड्डे बुजवले, बैलांमागं ओंडका बांधून माती दाबली. दुपार कलली तेव्हा वाट तयार होती.

"आधी एक चक्कर मारून बघतो," बेहरामजी म्हणाला. "मागं जागा आहे. कोण येतं?"

सगळे मागं सरले. जसोदाबाईनं पदर खोचला.

"अवं, पडशी ना!" रूपचंद ओरडला.

"पडनू ते आपलाच वावरमा पडसू!"

जमीन सुटली तशी तिनं किंकाळी फोडली आणि किंकाळीचं कधी हसू झालं ते तिलाच कळलं नाही. एका अंगाला सातपुडा, दुसऱ्या अंगाला लांबवर तापीची चकाकती रेघ. खाली मुंगीएवढा एक माणूस दोन्ही हात पसरून विमानाच्या सावलीमागं धावत होता. वरून काही पडलंच तर झेलायला. तो रूपचंद होता. जसोदाबाईचे डोळे भरून आले, वाऱ्यानं की कशानं कोण जाणे.

तिला उतरवून बेहरामजी पूर्वेकडे उडाला.

पुढच्या हिवाळ्यात सुरतेहून आलेल्या कापसाच्या व्यापाऱ्यानं खबर आणली: पारशी जग फिरून सुखरूप घरी पोचला! जसोदाबाईनं घरोघर गूळ वाटला. सगळ्यात मोठा खडा रूपचंदनं तोंडात टाकला आणि म्हणाला, "पुढला खेपले मीबी बठसू."