ठेचलेलं नाक

मित्रांनो, मी एक जुना पोलादी शंकू आहे. उंचीने तुमच्या मधल्या बोटाएवढा. पण नाक असं टोकदार, की मला घडवणाऱ्या कारागिराचंच पहिलं रक्त मी काढलं.

विमानांच्या चाचणीसाठी केलेल्या वाऱ्याच्या बोगद्यात नाक पुढे करून उभं राहायचं, एवढंच माझं काम. ध्वनीपेक्षा वेगाने वारा अंगावर आला, की माझ्या नाकापासून आघात-लहर फाकायची, होडीमागे पाणी फाकतं तशी. फोटोत तिची काळी रेघ उमटायची. गणितवाल्या ताई त्या रेघेचा कोन मोजायच्या आणि नव्या विमानाचे पंख लहरीच्या आत राहतील का, ते ठरवायच्या. पंखाचं टोक बाहेर आलं, तर लहर त्यावरच आदळणार. आणि विमान उडवणार होता ताईंचा धाकटा भाऊ.

भाऊ आला की माझ्या नाकावर अंगठा दाबायचा. टोचलं की म्हणायचा, ठीक आहे, गडी जागा आहे.

एकदा पुसताना मी निसटलो आणि नाकावर आपटलो. पुसणाऱ्याने फुंकर मारून परत बसवलं. नाक ठेचलं होतं, डोळ्यांना कळणार नाही इतकंच. पण बोथट नाकापुढे लहर जास्त फाकते. कोन मोठा आला. सगळ्यांना हवा होता तसाच! पंख आत मावत होते. साहेबांनी खूश होऊन चहा सांगितला.

मी आतल्या आत ओरडत होतो. अहो, विमानाचं नाक सुईसारखं आहे, हा कोन माझ्या ठेचलेल्या नाकाचा आहे! पण पोलादाला तोंड नसतं, मित्रांनो. पाया पडायला पाठही वाकत नाही.

ताई उड्डाणाच्या परवानगीवर सही करायला बसल्या. मी समोर टेबलावर. निघता निघता भावाने अंगठा दाबला.

"ताई, हा आज टोचत नाही गं. म्हातारा झाला वाटतं."

"तुझीच कातडी जाड झाली असेल," ताई मान वर न करता म्हणाल्या.

तो हसत बाहेर पडला. मला कंठ नाही, म्हणून जीव नाकाशी आला.

मग ताईंचं पेन थांबलं. त्यांनी मला उचललं, अंगठा दाबला, पुन्हा जोरात दाबला. अंगठ्यावर नुसता खळगा उमटला.

"थांब रे," त्या ओरडल्या. खुर्ची पाडून धावल्या.

उड्डाण रद्द झालं. पंख आखूड झाले. भाऊ कित्येक दिवस ताईंशी धड बोलला नाही. पण न बोलायला तो होता.

मी आता भंगाराच्या डब्यात आहे. माझ्या जागी आलेल्या नव्या शंकूला कुणी अंगठा लावून बघतं का, ते इथून दिसत नाही. तुम्ही तरी बघत जा, मित्रांनो. उत्तर अगदी मनासारखं आलं असेल, त्या दिवशी तर नक्कीच.