कुंपणापलीकडची वेल

मावशीची रोपवाटिका चालायची ती मुख्यतः एका वेलीवर. निळ्या फुलांचे घोस, वर्षातले आठ महिने बहर, खत नको की लाड नकोत. "लावा आणि विसरून जा," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची, आणि गावातल्या बहुतेक भिंती तिने अशा निळ्या करून टाकल्या होत्या.

भाची तिच्याकडेच रोपांना पाणी घालत मोठी झाली आणि पुढे वनखात्यात लागली. जंगलात ठरलेल्या वाटांनी फिरायचं, सापळ्यात कुठले भुंगे अडकलेत ते पाहायचं. पानांवरचे डाग, सालीतली भोकं, कुठे काही परकं उगवलंय का, यावर नजर ठेवायची. "म्हणजे झाडांची नर्स," मावशी शेजाऱ्यांना कौतुकाने सांगायची.

त्या वर्षी ओढ्याकाठी भाचीला ती वेल दिसली. एखाददुसरी नव्हे, अख्खा उतारच तिच्याखाली गेला होता. झाडं कुठली तेही ओळखू येत नव्हतं, नुसते हिरवे उंचवटे आणि वर डोलणारे निळे घोस. ओळख पटायला तिला पुस्तक उघडावं लागलं नाही.

संध्याकाळी जेवताना तिने सांगून टाकलं.

"काहीतरीच! वेलीला काय पाय फुटले?" मावशी म्हणाली.

"पाखरं फळं खातात, बिया तिकडे पडतात."

"मग पाखरांना धर, बारके. माझ्या मागे का लागतेस?"

"मावशी, मला हे वर कळवावंच लागेल. मग ही वेल विकायला बंदी येईल."

मावशीने ताट बाजूला सारलं. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते खोटं नाही."

भाचीने कळवलं. त्यानंतर घरात बोलणं थांबलं. भांडी तेवढी बोलत होती, तीही चढ्या आवाजात. आपलं काही चुकलेलं नाही हे ठाऊक असूनही भाचीला घास गोड लागेना.

मग एका सकाळी मावशी गुडघ्यांना पट्टे बांधून दारात उभी राहिली. "चल, दाखव. माझी वेल मी ओळखते. दुसरीच कुठली निघाली तर तुझी खैर नाही."

ओढ्याकाठी पोचल्यावर तिने आधी एक निळा घोस हातात घेऊन पाहिला; वेल तिचीच होती. मग तिने त्या हिरव्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला, चाचपडत आतल्या एका झाडाचं खोड शोधलं आणि नखाने साल खरवडली. आत हिरवं काहीच नव्हतं. दुसरं खोड तसंच, तिसरंही. चौथ्याशी तिचा हात थांबला.

"हे जिवंत आहे गं," ती कुजबुजली, आणि दोन्ही हातांनी वेल ओढायला लागली.

"ओढू नकोस! फांद्या मोडतील. खाली बुडाशी काप, वरचं आपोआप वाळेल. आणि मुळाची गाठ खणून काढ, नाहीतर पुन्हा फुटेल."

"मला शिकवतेस?" मावशी म्हणाली. पण केलं तसंच.

पुढचे कित्येक महिने ती गावातली फाटकं वाजवत फिरली. "मीच दिली, मीच काढते," म्हणत बदल्यात इथल्याच मातीतलं दुसरं रोप देऊ लागली. "आधी विकायचं, मग उपटायचं, बरा धंदा आहे!" असंही कुणी सुनावलं. निवृत्त हेडमास्तरांनी तर फाटकच उघडलं नाही. त्यांची वेल त्यांच्या दिवंगत पत्नीने लावली होती.

मावशी भांडली नाही. बाहेरूनच म्हणाली, "वेल राहू द्या, मास्तर. पण फळ धरायच्या आधी घोस कापायला मी येत जाऊ?"

मास्तरांनी वेलीचा एक घोस हातात धरला. "तुम्ही नको. मीच कापीन," ते म्हणाले. आणि त्यांनी शब्द पाळला. त्यांच्या दिवाणखान्यात फुलदाण्या कमी पडू लागल्या.

वर्षभराने ओढ्याकाठचा उतार पुरता मोकळा झाला नव्हता. राहिलेल्या गाठी फुटत होत्या, कामाला माणसं थोडी होती. पण सुटलेल्या झाडांना पालवी आली होती, आणि खाली पडलेल्या उन्हात कुणी न लावलेली रोपं वर आली होती. मावशी त्यांच्यात वाकून हिंडत होती.

"बारके, लवकर ये! या पानाला भोकं पडलीत. कीड लागली बघ!"

भाचीने पान उलटलं. मागे एक गुबगुबीत सुरवंट निवांत चरत होता.

"हा इथलाच आहे," ती हसली. "जेवू दे त्याला."

मावशीने पान अलगद सोडलं. "सावकाश जेव रे बाबा," ती म्हणाली, आणि पुढच्या रोपाकडे वळली.