बाजूला ठेवलेली डिश

बेकरीवाले काका एकाच हट्टाला पेटले होते: पुतणीच्या प्रयोगशाळेत जाऊन काकूंना भेटायचं. काकूंचं वर्षश्राद्धही उरकलं होतं, त्यामुळे घरचे काकांकडे जरा जपूनच बघू लागले.

पण काकांचं डोकं ठिकाणावर होतं. काकूंना जिभेचा कॅन्सर झाला तेव्हा काढलेल्या गाठीतला एक तुकडा त्यांच्याच संमतीने प्रयोगशाळेत गेला. काकू काही त्यातून उठल्या नाहीत. तुकड्यातल्या पेशी मात्र तिथे रुजल्या आणि वाढत राहिल्या. आपण त्यांना एक दिवसाआड खाऊ घालतो, हे पुतणी एकदा जेवताना बोलून गेली आणि पस्तावली. तेव्हापासून काका तिला फोन करून आज घातलंस का, असं विचारत. बायकोला भूक सहन होत नसे.

शेवटी तिने त्यांना नेलं. पांढरा कोट काकांना नवा नव्हता, फक्त यावर पीठ नव्हतं. पेशींचं उबदार कपाट त्यांना पसंत पडलं. पाव फुगायला ते असंच कपाट वापरत.

पुतणीने समजावलं. बाळ पोटात असताना एक जीन जीभ कुठे, जबडा कुठे हे ठरवतं. काम झालं की झोपी जातं. काकूंच्या जिभेत ते म्हातारपणी जागं झालं आणि पुन्हा बांधकामाला लागलं.

काकांना त्याचा राग येईना. निवृत्त झाल्यापासून तेही मुलाच्या बेकरीत जाऊन मळलेलं पीठ पुन्हा मळत होते.

"आता ते जीन बंद करून बघणार आहे," पुतणी म्हणाली. "जमलं तर पुढे कुणाची तरी काकू वाचेल."

बेकरीत सगळं पीठ कधी भट्टीत जात नाही. उद्याच्या आंबवणासाठी मूठभर मागे राहतं. काकांनी तेवढंच विचारलं, "थोडं बाजूला ठेवतेस ना?"

"ठेवावंच लागतं. एका डिशला हात लावायचा नाही, नाहीतर फरक कळणार कसा?"

"मग कर बंद."

पुढच्या खेपेला तिने त्यांना सूक्ष्मदर्शकातून दोन्ही डिश दाखवल्या. पहिलीत मोजक्या पेशी, एकमेकींपासून अंतर राखून. दुसरीत, हात न लावलेलीत, नुसती झुंबड, एकीवर एक चढलेली. प्रयोग जमला होता. काका मनापासून छान म्हणाले, पण डोळा दुसऱ्या डिशवरून उचलेनात.

"काका, तो आजार आहे. काकू नाही."

"कळतं गं मला. पण गल्ल्यावर बसली की तिचं एक वाक्य संपायच्या आत दुसरं त्याच्यावर चढायचं. त्या पहिल्या डिशमध्ये ती मला सापडतच नाही."

पुतणीने त्यांच्यासाठी स्टूल ओढलं. खाऊ घालायचा दिवस होता. तिने पेशींच्या खाण्याची, गुलाबी पाण्याची बाटली काढली.

"गार घालू नकोस," काका म्हणाले. "तिला चालत नसे."

"कोमट केलंय," ती म्हणाली, आणि खात्री करायला बाटली त्यांच्या हातात दिली.

काकांनी ती बराच वेळ धरून ठेवली.