कातडीचा कांगावा

आठ महिने आप्पांच्या फाइलवर लाल शाईत एक ओळ होती: मॉर्फिनची ॲलर्जी. आणि ती लिहायला लावली कुणी? त्यांच्या सख्ख्या लेकीनं.

झालं असं, की आप्पांचं मांडीचं हाड मोडलं तेव्हा दवाखान्यात त्यांना शिरेतून मॉर्फिन दिलं. पाच मिनिटांत हातावर शिरेच्या कडेनं गांध्या उठल्या, मान लालबुंद झाली, आप्पा खाजवून खाजवून हैराण. श्वास ठीक, रक्तदाब ठीक. शिकाऊ डॉक्टर म्हणाला, "थोडं थांबून बघूया." पण लेकीला धीर कुठला! ती त्याच्यावर उखडलीच. "मला शिकवू नका. मी रोज मास्ट पेशींवरच काम करते." बिचाऱ्यानं मुकाट्यानं लिहिलं.

काम ती खरंच करत होती. शस्त्रक्रियेत उरलेले कातडीचे तुकडे तिच्या टेबलावर यायचे. ते बारीक चिरायचे, त्यातल्या मास्ट पेशी वेगळ्या काढायच्या, त्यांच्यावर औषध टाकायचं आणि त्यांनी किती हिस्टामिन ओकलं ते मोजायचं. खाज आणि गांध्या आणणारा पदार्थ तो हाच. मॉर्फिन पडलं की या पेशी हमखास ओकायच्या. सहा वर्षं तिनं कातडीच पाहिली, आणि कातडी वागते तसंच सगळं शरीर वागतं असं बाई धरून चालली.

पुढे त्या मोडलेल्या हाडात कर्करोग निघाला. आप्पा जन्मभर शिवणयंत्रावर बसलेला माणूस, तक्रार कसली ती ठाऊक नाही. आता कूस बदलायची म्हटली तरी कळवळायचे. साध्या गोळ्यांनी काय होणार, डोंबल? डॉक्टर फाइल उघडायचे, लाल ओळ बघायचे आणि फाइल मिटायचे.

मग एका मंगळवारी प्रयोगशाळेत पहिल्यांदाच फुफ्फुसाचे तुकडे आले. लेकीनं नेहमीसारखं मॉर्फिन टाकलं. पेशी ढिम्म. बाटली खराब असेल म्हणून त्याच बाटलीतलं कातडीच्या पेशींवर टाकलं, तर त्या भडाभडा ओकल्या. फुफ्फुसाच्या पुन्हा ढिम्म.

"मॅडम, हे असं कसं?" तिनं प्रयोगशाळेच्या प्रमुखांना विचारलं.

"असंच असतं," मॅडम म्हणाल्या. "मॉर्फिन कातडीच्या पेशींना चिडवतं, फुफ्फुसाच्या पेशी दाद देत नाहीत. जुनी गोष्ट आहे. नुसती खाज सुटली तरी लोक ॲलर्जी म्हणून मोकळे होतात." आणि त्या चहाला गेल्या.

हातमोजे काढून ती तडक दवाखान्यात गेली.

"तेव्हा दम लागला होता? रक्तदाब उतरला होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

"मग ॲलर्जी कोण म्हणालं?"

"मी."

स्वतः आप्पांच्या उशाशी बसून डॉक्टरांनी मॉर्फिन अगदी थोडं थोडं दिलं. आप्पांना कोपरापाशी जराशी खाज सुटली, तेवढंच. तासाभरात त्यांनी आपणहून कूस बदलली.

"नवीन औषध निघालं वाटतं," आप्पा म्हणाले.

नुसतं हं म्हणाली असती तरी निभावलं असतं.

"नाही आप्पा. जुनंच आहे. मीच बंद करायला लावलं होतं."

"कधीपासून?"

"हाड मोडलं तेव्हापासून."

आप्पांनी भिंतीकडे तोंड केलं.

"तू जरा बाहेर बस," ते म्हणाले. "मला झोपू दे."

ती बाहेर जाऊन बसली.