मधल्या पानावरची मोकळी जागा

मी संगीताच्या एका मासिकाचं मधलं जोडपान बोलतोय. समोरासमोर दोन पानं, मधोमध पिना. माझं नाव झालं ते उजवीकडच्या मोकळ्या जागेमुळे. ती मोकळी कशी झाली हे कुणी विचारत नाही, म्हणून आपणहून सांगतो.

डावीकडे गाणाऱ्या बाईंचा फोटो आहे, डोळे मिटलेले. मूळ फोटोत त्यांच्या शेजारी, म्हणजे उजव्या पानावर, व्हायोलिनवाले काका होते. अडतीस वर्षं त्यांनी बाईंना साथ केली. मांडणी करणाऱ्या मुलीने त्यांना ठेवलं होतं, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. पण संपादक मागे येऊन उभे राहिले.

"हे कोण? गर्दी होतेय. काढून टाक."

"कायम साथीला असतात सर, बाईंच्या."

"असू देत. पानाला जरा श्वास घेऊ दे."

पानाने श्वास घ्यावा म्हणून माणूस गेला. घाईघाईत तिने काकांना पुसलं. बाईंच्या खांद्यापुढे आलेलं व्हायोलिनच्या गजाचं टोक तेवढं राहून गेलं.

काकांना याचा पत्ताच नव्हता. "तुम्हीही येताय हं काका," असं फोटोग्राफर म्हणाला होता, तेवढ्यावर त्यांनी मेहुण्यापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलेलं. अंक आला तेव्हा काकूंनी मला जेवणाच्या टेबलावर उघडलं. मग चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"तुम्ही कुठे आहात यात?"

काकांनी पांढऱ्यावर बोट ठेवलं. "इथे."

"अहो, इथे काहीच नाही."

"तेच सांगतोय."

मेहुण्याचा फोन आला, तर काका त्याला अंक अजून मिळाला नाही म्हणाले. मग पेन्सिल घेऊन त्या जागेत स्वतःचं नाव लिहिलं आणि खाली 'व्हायोलिन'. अक्षर बाईंच्या नावापेक्षा लहान काढलं. साथ करणाऱ्याला मोठं लिहायची सवयच नसते.

पुढे काका गेले, काकूही गेल्या. मुलाने घर आवरलं आणि मी रद्दीत गेलो. तिथे मांडणी शिकवणाऱ्या एका सरांना मी सापडलो. घबाड मिळाल्यासारखे ते हरखले. तेवढ्यात पेन्सिलीचं लिखाण दिसलं.

"काय गिरगटून ठेवतात लोक," म्हणत त्यांनी खोडरबर काढला. संपादकांपेक्षा माझा राग या सरांवर जास्त आहे. त्यांनी नाव वाचलंसुद्धा नाही.

आता मी वर्गाच्या भिंतीवर चौकटीत असतो. दरवर्षी नवी मुलं येतात आणि तेच बोलतात. मोकळी जागा किती धीट आहे, गजाचं तिरकं टोक नजरेला कसं शीर्षकाकडे नेतं. "शाब्बास," सर म्हणतात, "एकही रेघ उगाच नाही."

यंदा एका मुलीने विचारलं, "सर, पण हा गज धरलाय कुणी?"

वर्ग हसला. सर म्हणाले, "तो प्रश्न मांडणीचा नाही."

तास संपल्यावर ती एकटीच माझ्यासमोर उभी राहिली. काकांनी पेन्सिल दाबून लिहिलं होतं. खोडरबरने शिसं गेलं, दाब नाही गेला. बोट फिरवलं तर अक्षरन् अक्षर लागेल. तिने बोट पुढे केलंही, नेमकं त्याच जागी, आणि ते काचेवर टेकलं.

माझं मागणं एवढंच आहे. कुणीतरी ही काच काढा.