हातभर खाच

अहो, जरा पायाखाली बघा. मी इथून बोलतोय, विश्वामित्रीच्या काठचा मातीचा बांध. बडोद्यात नदीतल्या मगरींना सगळे ओळखतात, मला कुणी नाही.

माझ्यामागे एक सोसायटी आहे. तिथली मराठी घरं शाडूचा गणपती बादलीतच विसर्जित करतात. पण शेवटची आरती नदीकाठी व्हायला हवी, मूठभर वाळू घरी जायला हवी. अहल्याकाकूंचे गुडघे धरले आणि त्यांना मला ओलांडणं जमेना. मग सगळ्यांनी मिळून मला एका जागी हातभर खाली कापलं, पायऱ्या बसवल्या. मायेनं कापलं, म्हणून मीही कापू दिलं.

यंदा श्रावणात वादळी पाऊस झाला, नदी फुगली. तिला ती खाच पुरली. पाणी तिथून शिरलं, माती ओढत गेलं आणि मला खिंडार पडलं. तळमजल्यावर काकूंच्या घरात छातीभर पाणी.

पूर ओसरल्यावर लोकांनी खिंडारात हाताला लागेल ते भरलं: भिजक्या गाद्या, फुटक्या फरश्या, विटा. काकूंची सून अवंती सिव्हिल इंजिनिअर. तिनं ते सगळं उपसायला लावलं. पुन्हा पावसाचा अंदाज होता, त्यामुळे वरच्या मजल्यावरचे हार्दिकभाई वैतागले.

"अवंतीबेन, भरेलो खाडो पाछो खोदवानो?"

"गादीतून पाणी झिरपत राहील, हार्दिकभाई. मग सगळंच बसेल. आत्ताच खोदायचा."

दम धरणं तिच्या स्वभावात नाही. काम मात्र तिनं सावकाश केलं. माझ्या तुटलेल्या कडांना टप्पे पाडले, नवी माती जुनीला धरून राहावी म्हणून. मग वीतभर चिकणमाती पसरायची, धुम्मसनं ठोकायची, पुन्हा वीतभर. नदीच्या अंगाला तारेच्या जाळीत भरलेले दगड. आजवर मला इतकं कुणी थोपटलं नव्हतं.

काकू खुर्ची टाकून बघत बसल्या होत्या. "माझ्या गुडघ्यांपायी सगळ्यांची घरं बुडाली गं," त्या म्हणाल्या. "बुजव ती खाच. मी घरूनच हात जोडीन."

अवंतीनं आणखी माती मागवली आणि दोन्ही बाजूंनी माझ्यावरून जाणारा लांबलचक उतार घातला. माझी उंची पूर्ण झाली, चढ तेवढा सौम्य झाला. उशीर होतोय म्हणून हार्दिकभाई कुरकुरले आणि स्वतःच घमेलं उचलायला लागले.

शेवटचा थर ठोकून होतोय तोच पाऊस आला. नदी माझ्या खांद्याला लागली. नव्या-जुन्या मातीच्या सांध्यात मला गारवा जाणवला. मी घट्ट राहिलो. काकूंच्या उंबऱ्याशी नदी आली नाही.

गणपतीच्या पाचव्या दिवशी, शेवटच्या आरतीला, काकू अवंतीचा हात धरून चढावर आल्या आणि मध्येच थबकल्या. चपला काढू का, असं त्यांनी विचारलं. ताजी माती उखडेल, अशी त्यांना भीती.

"पाय देत चला, आई," अवंती म्हणाली. "त्यानंच ती बसेल."

तुम्हीही या. उंच वाटलो तर कुणाचा तरी हात धरा, थांबत थांबत चढा. मला तेवढं कापू नका.